हिशेबाबाहेरचे श्रम : मराठी स्त्री-आत्मकथनांतील अर्थव्यवहार, वर्ग आणि लिंगभाव

प्रास्ताविक

मराठीतील स्त्रियांच्या आत्मकथनांचा विचार समीक्षेने प्रामुख्याने दोन दिशांनी केला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सारख्या ग्रंथाची चर्चा प्रांजळपणा, विनोद, बोलीचा गोडवा या वाङ्मयीन गुणांच्या आधारे झाली. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांची चर्चा मात्र जातीय अनुभवाची दाहकता, विद्रोह आणि आंबेडकरी जाणीव या निकषांवर झाली. या दोन्ही चर्चांनी मराठी वाचकाची समज वाढवली, यात शंका नाही. तथापि दोन्ही चर्चांमध्ये एक महत्त्वाचा धागा सुटलेला दिसतो. तो धागा म्हणजे पैशाचा. घरात पैसा कोण आणतो, तो कोणाच्या हाती जातो, खर्चाचा निर्णय कोण घेतो, कोणत्या कामाला दाम मिळतो आणि कोणते काम दामाशिवायच गृहीत धरले जाते, हे प्रश्न या आत्मकथनांत पानोपानी उपस्थित आहेत; समीक्षेत मात्र त्यांची दखल क्वचितच घेतली गेली.

आर्थिक विषमता, वर्ग आणि लिंगभाव यांचा परस्परसंबंध हा अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा विषय आहे. पण तो तितकाच साहित्याचाही विषय आहे. आकडेवारी विषमतेचे प्रमाण सांगते. ती विषमता माणसाच्या अनुभवात कोणत्या रूपाने उतरते आणि ती सांगताना भाषा कोठे मोकळी होते व कोठे अडखळते, हे आत्मकथनातूनच कळू शकते. प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६), कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) या ग्रंथांचा या दृष्टीने विचार केला आहे. त्यांपैकी ‘जिणं आमुचं’ व ‘आयदान’ या दोन ग्रंथांवर अधिक भर आहे. कारण श्रम आणि दाम यांचा संबंध या दोन ग्रंथांत सर्वाधिक तपशिलाने आला आहे.

१. गरिबी आणि प्रतिष्ठा : ‘स्मृतिचित्रे’

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या संसारात पैशाची चणचण कायमची होती. ना. वा. टिळकांचे नोकऱ्या सोडणे, हाती आलेला पैसा गरजूंना देऊन टाकणे, घरात काय आहे आणि काय नाही याचा विचार न करणे, या गोष्टी ‘स्मृतिचित्रे’त वारंवार येतात. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतः तो निर्णय घेईपर्यंतचा काळ तर आप्तांच्या आश्रयाने काढलेला काळ आहे. या सगळ्या प्रसंगांचे कथन त्या हसत हसत करतात. मराठी समीक्षेने या विनोदाचे मनापासून कौतुक केले आणि ते योग्यच आहे.

परंतु हा विनोद आणखी एक काम करतो, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पतीच्या औदार्याची किंमत पत्नीच्या श्रमांतून चुकती होते, ही वस्तुस्थिती हा विनोद सुसह्य करतो आणि त्याच वेळी ती नोंदवूनही ठेवतो. कवी पैसा वाटून टाकतो तेव्हा त्याचे नाव दानशूर म्हणून होते. रिकाम्या डब्यांतून संध्याकाळचा स्वयंपाक उभा करणारी स्त्री मात्र या दानाची भागीदार म्हणून कोठेही नोंदली जात नाही. लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत, पण प्रसंगच असे निवडतात की वाचकाला हिशेब आपोआप कळावा. त्यांच्या विनोदाला या अर्थाने एक आर्थिक बाजू आहे.

याबरोबरच ‘स्मृतिचित्रे’तील गरिबीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ही गरिबी पैशाची आहे, प्रतिष्ठेची नाही. हाती काही नसतानाही नात्यातील घरांचे दरवाजे उघडे असतात, विहिरीवर पाणी भरता येते, कोणाच्या ओसरीवर बसता येते. आर्थिक स्थिती आणि सामाजिक स्थान यांत अंतर असू शकते, हे येथे स्पष्ट दिसते. धर्मांतरानंतर हे स्थान डळमळीत झाले, तेव्हा सोवळ्याओवळ्याकडे आणि जातिभेदाकडे पाहण्याची लक्ष्मीबाईंची दृष्टीही पालटत गेली. हा पालट त्यांनी ज्या प्रामाणिकपणे नोंदवला आहे तो या ग्रंथाचा मोठाच विशेष आहे. पण स्थान गमावणे आणि ते कधीच नसणे यांत फरक आहे. तो फरक ‘जिणं आमुचं’ वाचताना कळतो.

२. मोळीची किंमत : ‘जिणं आमुचं’

बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांनी वीरगाव आणि फलटण परिसरातील महार समाजाचे जीवन ‘जिणं आमुचं’मध्ये चित्रित केले आहे. त्यातील स्त्रियांनी डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन ब्राह्मण घरी विकायला जाण्याचे वर्णन अर्थव्यवहाराच्या दृष्टीने फार बोलके आहे. मोळी आणणारी बाई अंगणात ती रचून देते. घरमालकीण दुरून बजावते की लाकडाला केस अथवा लुगड्याचा धागा चिकटलेला असेल तर तो काढून टाक, नाही तर घर बाटेल. विकणारी स्त्री एकेक लाकूड तपासून मगच रचते.

रूढ अर्थशास्त्रीय भाषेत हा साधा विक्रीचा व्यवहार आहे. विक्रेता आहे, ग्राहक आहे, वस्तू आहे आणि दाम आहे. पण प्रत्यक्षात या व्यवहारात दोन प्रकारचे श्रम विकले जातात. रानात जाऊन लाकूड तोडणे, मोळी बांधणे आणि वाहून आणणे हे पहिले श्रम. त्यांचा मोबदला अपुरा का होईना, मिळतो. आपल्या देहाचा मागमूस वस्तूवरून पुसून टाकणे हे दुसरे श्रम. त्यांना कोणताही दाम नाही. उलट ते केले नाहीत तर पहिल्या श्रमांचाही दाम मिळणार नाही. शुद्धतेची गरज खरेदीदाराची, पण तिचा भार विक्रेत्यावर, अशी ही रचना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या विवेचनात, जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे प्रतिपादन केले होते. बेबी कांबळे यांनी वर्णिलेला हा प्रसंग त्या सिद्धान्ताचे घरगुती रूप आहे.

येथे आणखी एक बाब लक्षणीय आहे. हा व्यवहार दोन स्त्रियांमधला आहे. अंगणाच्या अलीकडे उभी असलेली स्त्री आणि पलीकडे उभी असलेली स्त्री यांच्यात स्त्रीत्वाचा समान धागा शोधणे भाबडेपणाचे ठरेल. घराच्या शुद्धतेची राखण हे त्या घरमालकिणीवर सोपवलेले काम आहे, आणि ते काम ती चोख करते तेव्हाच तिचे घरातील स्थान टिकते. एका स्त्रीच्या स्थानाची किंमत दुसऱ्या स्त्रीच्या विनामोबदला श्रमांनी चुकवली जाते. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याचा मुद्दा मांडला आणि शर्मिला रेगे यांनी पुढे तो स्त्रीवादी भूमिकेतून तपासला. त्या वादाची सामग्री ‘जिणं आमुचं’च्या या एका वर्णनात आधीच आलेली होती.

वतनी कामाविषयीचे बेबी कांबळे यांचे चित्रणही याच दृष्टीने पाहावे लागते. येसकराची पाळी ज्या घरात येई त्या घराला गावकीची कामे करावी लागत आणि मोबदल्यात भाकरी मागण्याचा हक्क मिळे. त्याला हक्क म्हणत, पण त्याचे रूप भिक्षेचे होते. येथे मजुरी ठरलेली नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत आणि मिळणारी भाकरी ताजी असेल याची हमी नाही. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. पण वतनाच्या काळात पुरुषाच्या नावे असलेल्या कामाचा किती भाग घरातील स्त्रिया उचलत होत्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती आत्मकथनांतच शोधावी लागते.

३. वर्गोन्नती आणि उंबरठा

‘जिणं आमुचं’मधील सर्वांत अस्वस्थ करणारा आर्थिक तपशील गरिबीचा नाही, तो तुलनात्मक सुस्थितीचा आहे. लेखिकेचे वडील बांधकामांचे ठेके घेत. हाती पैसा येत असे आणि तो ते साठवून न ठेवता गरजूंवर खर्चही करीत. समाजात त्यांना मान होता. याच वडिलांनी आपल्या पत्नीला घराबाहेर पडू दिले नाही. पिंजऱ्यात कोंडलेल्या पाखरासारखी आईची अवस्था होती, असे लेखिकेने म्हटले आहे. वस्तीतील इतर स्त्रिया रानोमाळ हिंडून मोळ्या विकत होत्या. ठेकेदाराची बायको घरात होती, आणि त्यातच तिचा व तिच्या नवऱ्याचा मान होता.

एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाच्या प्रक्रियेचे विवेचन करताना, जातीचा दर्जा उंचावू लागला की स्त्रियांना बाहेरच्या कामातून मागे घेतले जाते, या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन (२०२३ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिकाच्या मानकरी) यांनी आर्थिक विकासाच्या एका टप्प्यावर विवाहित स्त्रियांचा कामातील सहभाग आधी घटतो आणि नंतर वाढतो, असे मांडले आहे. ही दोन विवेचने वेगळ्या संदर्भांतील आहेत. पण बेबी कांबळे यांच्या आईच्या आयुष्यात ती एकत्र येतात. उत्पन्न वाढले, कुटुंब वर सरकले आणि स्त्रीचा वावर आक्रसला. वर्गोन्नतीचे मोजमाप येथे स्त्रीच्या बंदिस्तपणानेच होते.

या तपशिलाचा अर्थ असा नव्हे की मोळी विकणारी स्त्री ठेकेदाराच्या बायकोपेक्षा सुखी होती. मोळी विकणाऱ्या स्त्रीला उपासमार होती, मारझोड होती. सासरहून पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवण्याच्या प्रथेचे जे वर्णन या ग्रंथात आले आहे, ते श्रमजीवी घरांतील स्त्रीस्वातंत्र्याविषयीच्या सर्व गोड समजुती मोडून काढते. गरीब घरात खोडा होता आणि सुस्थितीतील घरात उंबरठा. साधन बदलले, नियंत्रण राहिले. म्हणूनच आर्थिक प्रगती झाली की लिंगभावाचे प्रश्न आपोआप सुटतील, हा जो विश्वास अजूनही अनेक व्यासपीठांवरून व्यक्त होतो, त्याला या आत्मकथनाचा आधार मिळत नाही.

शांताबाई कांबळे (१९२३–२०२३) यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या चर्चेला वेगळी बाजू जोडते. सोलापूर जिल्ह्यातील महूद या गावच्या शांताबाई शिक्षिका झाल्या आणि पुढे शिक्षण खात्यात अधिकारपदापर्यंत पोहोचल्या. नियमित वेतन हाती असलेली दलित स्त्री हे त्या काळातील दुर्मीळ चित्र होते. तरीही भाड्याची खोली शोधताना जात आडवी येते आणि पतीने दुसरे लग्न केल्यावर पत्नी म्हणून असलेले स्थान हातचे जाते. वेतनाने त्यांना उभे राहण्याचे बळ दिले. पण समाजातील आणि घरातील दोन्ही दरवाजे उघडण्यास केवळ वेतन पुरेसे नव्हते.

४. विणकाम, नाणे आणि घरकाम : ‘आयदान’

‘आयदान’ या ग्रंथाच्या नावातच एक व्यवसाय आहे. बांबूच्या वस्तू विणण्याचे काम इतरत्र बुरूड समाजाचे मानले जाते. कोकणात मात्र महार समाज ते करीत आला. उर्मिला पवार (जन्म १९४५) यांचे मूळ गाव रत्नागिरीजवळचे फणसवळे. शिक्षक असलेले वडील लवकर वारले आणि आईने सुपे, टोपल्या, रोवळ्या विणून मुलांची शिक्षणे केली. पहाटे उठून, डोंगरवाटा तुडवत, डोक्यावर लाकूडफाटा, गवत आणि आंबे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या गावच्या बायांचे चित्रण या ग्रंथाच्या आरंभीच येते. त्यांचे हसणे, शिव्या, थट्टा आणि दमणूक हे सर्व त्या चित्रणात एकत्र आहे.

विणलेली आयदाने गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवण्याचे काम लहानग्या उर्मिलेकडे असे. तिला पायरीवर उभे केले जाई, टोपलीवर पाणी शिंपडले जाई आणि पैसे वरून हातावर टाकले जात. ‘जिणं आमुचं’मधील मोळीचा प्रसंग आणि हा प्रसंग यांत अनेक वर्षांचे आणि बऱ्याच मैलांचे अंतर आहे. तरीही रचना तीच आहे. टोपली बाटलेली आहे, पण पाण्याने शुद्ध होते. नाणे हातोहात फिरले तरी बाटत नाही. बाटतो तो फक्त हात. बाजारपेठ माणसाची जात पाहत नाही, असे उदारमतवादी अर्थशास्त्र मानते. या प्रसंगात बाजारव्यवहार पूर्ण होतो, ठरलेले पैसेही मिळतात. पण जात त्या व्यवहाराच्या आड येत नाही, ती त्या व्यवहाराची रीतच बनते. वस्तूवर शिंपडलेले पाणी विणणारीचे श्रम वस्तूवरून धुऊन काढते आणि मगच वस्तू घरात जाते.

आईचे विणणे हा या ग्रंथाचा स्थायी स्वर आहे. ती अखंड विणत असते. दुःखाच्या प्रसंगीही तिचे हात थांबत नाहीत. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत लेखिकेने नाते सांगितले आहे. त्या नात्याचे वाङ्मयीन सौंदर्य अनेकांनी वाखाणले. त्यामागील आर्थिक सत्यही तितकेच महत्त्वाचे आहे. आईच्या विणकामातून लेकीचे शिक्षण झाले, शिक्षणातून सरकारी नोकरी मिळाली, आणि नोकरीमुळे मुंबईत मध्यमवर्गीय जीवन शक्य झाले. एका पिढीच्या देहश्रमांचे दुसऱ्या पिढीच्या लेखणीत झालेले हे रूपांतर आहे. वारसा म्हणून मिळालेली जमीन नाही, घरदार नाही. मिळाले ते हातांचे कसब आणि शिकण्याचा हट्ट.

ग्रंथाच्या उत्तरार्धात प्रश्नाचे स्वरूप बदलते. लेखिका नोकरी करते, कमावते. वडीलधाऱ्यांच्या धाकाचा सासर-संसार तिच्या वाट्याला आलेला नाही. पती सुशिक्षित आहे आणि सुरुवातीला त्याची साथही आहे. पण ती एम.ए.चा अभ्यास करू लागते, लिहू लागते, स्त्रियांच्या चळवळीत आणि सभासंमेलनांत वावरू लागते, तसतशी घरात कुरबुर वाढते. घरची कामे आधी, बाकीचे नंतर, ही अट तिला जागोजाग भेटते. मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथातून पुढे आणणाऱ्या लेखिकेलाही स्वतःच्या घरात स्वतःच्या वेळेसाठी झगडावे लागले.

अमर्त्य सेन यांनी १९९० साली कुटुंबातील सहकार्य आणि संघर्ष यांची मीमांसा करताना, घरातील व्यक्तीला मिळणारा वाटा तिच्या प्रत्यक्ष योगदानापेक्षा तिचे योगदान म्हणून जे मानले जाते त्यावर अवलंबून असतो, असे दाखवून दिले. ‘आयदान’मधील दोन स्त्रिया या मांडणीच्या कसोटीवर पाहण्यासारख्या आहेत. आईचे विणकाम सर्वांच्या डोळ्यांसमोर होते आणि घर त्यावरच चालत होते. म्हणून विधवा असूनही घरातील निर्णय तिच्या शब्दाने होत. लेकीचा पगार आईच्या कमाईच्या कितीतरी पट होता. पण पतीच्या पगाराशेजारी तो पूरक ठरला आणि तिचे घरकाम तर योगदान म्हणून गणलेच गेले नाही. कमाई वाढली आणि घरातील अधिकार मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. ही स्थिती एका घरापुरती नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आकड्यातील हे अंतर आत्मकथनात रात्री उशिरा उघडलेल्या पुस्तकाच्या रूपाने दिसते.

५. आडनावाचे भांडवल : ‘अंतःस्फोट’

शिक्षण हे वर्गोन्नतीचे साधन मानले जाते. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ हे साधन कोणत्या अटींवर चालते ते दाखवते. दलित समाजातील या विदुषीने संस्कृतमध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. कौतुक झाले, पण नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि त्यानंतर शासकीय महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याची संधी मिळाली. आपल्याला मिळालेल्या नोकरीचे श्रेय विद्वत्तेपेक्षा नव्या आडनावाकडे जाते, असा जळजळीत निष्कर्ष लेखिकेने काढला आहे.

या अनुभवात जात, वर्ग आणि लिंगभाव यांची गुंतागुंत फार स्पष्ट होते. पदवी तिची स्वतःची. आडनाव विवाहाने आलेले. जे स्वतः कमावले त्याला बाजारात किंमत नाही आणि पतीकडून जे मिळाले त्याला आहे. स्त्रीचे आडनाव विवाहाने बदलते, ही लिंगभावाची रूढी. त्या रूढीने येथे योगायोगाने जातीचा अडसर दूर केला. पण त्याच क्षणी स्त्रीच्या स्वतंत्र कर्तृत्वाची ओळख पुसून टाकली. दलित पुरुष विद्वानाला हा मार्ग उपलब्ध नव्हता. म्हणून या घटनेकडे लाभ म्हणून पाहावे की हानी म्हणून, हा प्रश्न सोपा नाही. लेखिकेनेही तो सोपा केलेला नाही.

६. मौनाचे अर्थकारण

बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये समाजातील स्त्रियांच्या छळाविषयी निर्भयपणे लिहिले, पण स्वतःच्या वैवाहिक जीवनाविषयी त्या ग्रंथात जवळजवळ मौन आहे. पुढे २००८ साली इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत त्यांनी ते मौन सोडले. पतीचा संशय, मारहाण, आणि त्याच्यापासून लपवून केलेले लेखन, या गोष्टी त्यांनी तेथे सांगितल्या. फलटणमध्ये त्यांचे छोटेसे किराणा दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचीत. दुकानातच वाचन झाले आणि दुकानातच लेखन.

या दुकानाला मराठी साहित्याच्या इतिहासात एक स्थान आहे. शेतमजुरी करणाऱ्या बाईला बसून लिहिण्याइतका निवांतपणा नव्हता. घरात कोंडलेल्या बाईला कागद मिळणे अवघड होते. स्वतःच्या गल्ल्यावर बसणाऱ्या स्त्रीला थोडा वेळ, थोडा कागद आणि थोडा एकान्त मिळाला. ग्रंथनिर्मितीची ही भौतिक अट समीक्षेने लक्षात घेतली पाहिजे. पण त्याच दुकानावर आणि त्याच संसारावर घर चालत असताना पतीविषयी लिहिणे म्हणजे घर धोक्यात घालणे. ‘आम्ही’ या सामूहिक सर्वनामात लिहिण्यामागे समाजनिष्ठा निश्चितच आहे. त्याचबरोबर त्या सर्वनामाने ‘मी’ला आसराही दिला, असे म्हणता येते. आंबेडकरी चळवळीवर बाहेरून टीका होत असताना घरातले उणे उघड करणे म्हणजे समाजाच्या विरोधकांच्या हाती कोलीत देणे, हे दडपणही त्यामागे असणार.

‘आयदान’मध्ये हा ‘मी’ उघड होतो. स्थिर वेतन, स्त्री-चळवळीतील मैत्री आणि आधी लिहिणाऱ्या स्त्रियांनी करून दिलेली वाट या तिन्ही गोष्टी त्यामागे आहेत. मल्लिका अमर शेख यांनी तर १९८४ सालीच परिवर्तनाच्या चळवळीतील घराच्या आतील बाजू मांडली होती. कम्युनिस्ट शाहिराची ही लेक क्रांतीच्या भाषेत वाढली आणि घर चालवण्याचा, मूल वाढवण्याचा, घरभाड्याचा आणि आजारपणाचा प्रश्न आला तेव्हा क्रांतीच्या भाषेत त्याला उत्तर नाही, हे तिने अनुभवले. वर्गविषमतेविरुद्ध लढणाऱ्या घरात लिंगविषमता अबाधित राहू शकते, हे या आत्मकथनाने इतक्या रोखठोकपणे सांगितले की बराच काळ त्याची चर्चा ग्रंथ म्हणून होण्याऐवजी खासगी उणीदुणी म्हणून झाली. स्त्रीच्या आर्थिक तक्रारीला कौटुंबिक भांडण ठरवणे, ही समीक्षेचीही एक सवय आहे.

७. संभाव्य आक्षेप

अशा वाचनावर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, आत्मकथन ही साहित्यकृती आहे. तिच्यातून अर्थव्यवहार शोधणे म्हणजे तिला समाजशास्त्रीय दस्तऐवज बनवणे होय. दलित आत्मकथनांच्या बाबतीत हा आक्षेप विशेष रास्त आहे. कारण त्यांच्या वाङ्मयीन गुणांची उपेक्षा मोठ्या प्रमाणावर झाली. तथापि येथे केलेले वाचन आशयापुरते थांबत नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद, बेबी कांबळे यांचे ‘आम्ही’, उर्मिला पवारांचे ‘मी’, कुमुद पावडे यांचा उपरोध ही सर्व रूपवैशिष्ट्ये आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकामागे पैशाशी व स्थानाशी असलेले लेखिकेचे विशिष्ट नाते आहे. अर्थव्यवहार समजून घेतल्याशिवाय या रूपांचा उलगडा पूर्ण होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, वर्गाची चर्चा केली की जातीचा प्रश्न सौम्य होतो. मराठी विचारविश्वात असे घडलेले आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु मोळी आणि टोपली यांच्या प्रसंगांत दिसते ते उलट आहे. तेथे जातीशिवाय वर्ग समजत नाही आणि स्त्रीच्या देहाशिवाय जात समजत नाही. तिन्हींचा विचार स्वतंत्र प्रकरणांत करण्याची अभ्यासक्रमांची पद्धत सोयीची असली तरी आत्मकथने तिला जुमानत नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला, स्त्रियांच्या श्रमांचा मोठा भाग मजुरीच्या, वतनाच्या आणि घरखर्चाच्या अशा सर्वच हिशेबांतून निसटतो. त्याची नोंद आत्मकथनांनी ठेवली आहे. दुसरा, कुटुंबाची आर्थिक उन्नती आणि त्या कुटुंबातील स्त्रीची मुक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही वेळा पहिली दुसरीच्या आड येते. तिसरा, स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा येणे आवश्यक आहे, पण त्या पैशाला आणि तिच्या वेळेला घरात कोणते मोल दिले जाते यावर त्याचा परिणाम ठरतो. महाराष्ट्रात २०२४ साली स्त्रियांच्या बँक खात्यात थेट रक्कम जमा करणारी ‘लाडकी बहीण’ योजना सुरू झाल्यानंतर जी चर्चा झाली, ती बहुतांशी तिजोरीवरील भार आणि मतांचे राजकारण यांभोवती फिरली. खात्यात आलेल्या पैशावर निर्णय कोणाचा चालतो, हा ‘आयदान’ने विचारलेला प्रश्न त्या चर्चेत मागे पडला.

ही आत्मकथने विद्यापीठीय अभ्यासक्रमांत शिकवली जातात तेव्हा अध्यापकांवर काही जबाबदारी येते. समोरच्या वर्गात सकाळी घरकाम उरकून, कधी शेतावर तर कधी दुकानावर काम करून आलेल्या विद्यार्थिनी बसलेल्या असतात. त्यांच्यासाठी मोळी आणि टोपली हे इतिहासातील प्रसंग नसतात. शिकवणाऱ्यांमध्येही सर्व एका पातळीवर नसतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला वर्गावर घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. त्या तासाच्या तयारीत गेलेली रात्र हिशेबात धरली जात नाही. बेबी कांबळे यांच्या मोळीविक्या बाईचे आणि या अध्यापकाचे आयुष्य एक नव्हे, तशी तुलना करणे दोघांवरही अन्याय ठरेल. पण कोणते श्रम मोजायचे आणि कोणते गृहीत धरायचे, हे ठरवण्याचा अधिकार श्रम करणाऱ्याच्या हाती नसतो, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

मराठी स्त्री-आत्मकथनांकडे दुःखाच्या कहाण्या म्हणून पाहण्याची सवय आता मागे टाकण्याची गरज आहे. त्या श्रमांच्या चोख नोंदवह्या आहेत. त्यांत कोणाकडून किती येणे आहे ते लिहिलेले आहे. ते येणे वसूल कसे होईल, हा प्रश्न साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा असेल. पण ते वाचून दाखवणे हे समीक्षेचे आणि अध्यापनाचे कामच आहे.